मोटारसायकलीवरील ध्वनियंत्रणा व विद्युत् दोष

मोटारसायकलीला मागाहून स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर जोडल्यावर बॅटरी उतरणे, सेल्फ न लागणे, फ्यूज उडणे किंवा इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येणे, असे दोष उद्भवतात. खापर बहुधा अ‍ॅम्प्लिफायरवर फुटते. दोष मात्र बव्हंशी तारांच्या जोडांत, अर्थिंगमध्ये किंवा वीज जेथून घेतली त्या जागी सापडतो.

गाडीवरील संगीत रुळले ते लांब पल्ल्याच्या अमेरिकी व जपानी टूरिंग गाड्यांमुळे. होंडा गोल्डविंग १९७५ मध्ये आली ती उघडी, म्हणजे पुढे वारा अडवणारे आवरण नसलेली. तिच्यावर रेडिओ व कॅसेट साधारणपणे १९८० च्या दशकात स्थिरावले. या मालिकेतील जीएल १२०० या गाडीच्या स्टेटरच्या (वीज निर्माण करणाऱ्या स्थिर वेटोळ्यांच्या) तीन पिवळ्या तारांचा कपलर, म्हणजे जोड-प्लग, तापून जळतो, हे जाणकारांत सर्वश्रुत आहे. कपलर काढून तारा थेट सोल्डर करणे हा त्यावरचा रूढ उपाय. १९८८ च्या जीएल १५०० पासून मोटारीसारखा स्वतंत्र अल्टरनेटर आला.

स्टेटर का जळतो, याविषयी मतभेद आहेत. संगीताच्या जादा भाराने तो जळतो, ही गॅरेजमधली प्रचलित समजूत. पण बहुसंख्य मोटारसायकलींत चुंबक क्रँकबरोबर सतत फिरतो आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) शंट पद्धतीचा असतो. नको असलेली वीज तो स्टेटरच शॉर्ट करून जिरवतो. स्टेटरमधील प्रवाह त्याच्या स्वतःच्या प्रतिबाधेने (अंतर्गत विद्युत् अडथळ्याने) मर्यादित असल्यामुळे भार असो वा नसो, जवळपास पूर्णच वाहतो. त्यामुळे अशा गाडीत गाणी बंद ठेवल्याने स्टेटर फारसा थंड राहत नाही. गंजलेला कपलर किंवा तापलेला रेग्युलेटर हे कारण अधिक ग्राह्य वाटते. सीरिज पद्धतीचा रेग्युलेटर गरज नसताना मंडल तोडतो. तेथे मात्र भाराचा आक्षेप खरा ठरतो.

बॅटरीचे गणित वेगळे आहे. जुन्या छोट्या भारतीय गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटोच्या प्रत्यावर्ती (एसी) विजेवर चाले आणि बॅटरीच्या वाट्याला थोडीच वीज येई. १ एप्रिल २०१७ पासून देशात तयार होणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळत राहतो; म्हणजे दिवा विझवून अ‍ॅम्प्लिफायरसाठी वीज वाचवण्याची सोयही गेली. अ‍ॅम्प्लिफायर १३ व्होल्टवर ४० वॉट ओढत असेल, तर प्रवाह सुमारे ३ अँपिअर होतो. खोक्यावर छापलेले हजार वॉट येथे विचारात घेण्याचे कारण नाही.

तपासणी मल्टिमीटरने होते. विश्रांतीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन मध्यम वेगात असता १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. गाणी लावल्यावर हा आकडा १३ च्या खाली जात असेल, तर चार्जिंगपेक्षा भार जास्त आहे. आकडा ठीक असून सकाळी बॅटरी उतरलेली आढळते, तेव्हा चावी बंद करून ऋण टोकाशी मीटर मालिकेत जोडतात. ५० मिलिअँपिअर गळती असली, तरी ४ अँपिअर-तासांची बॅटरी ८० तासांत रिकामी होते. कारच्या स्टिरिओत पिवळी तार कायम पुरवठ्याची आणि लाल तार चावीची असते. बसवणारा दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडतो, म्हणून स्टिरिओ झोपतच नाही. लाल तार चावीच्या लाइनीवरून घेतली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. अ‍ॅम्प्लिफायरला जाडसर तार थेट बॅटरीवरून द्यावी, फ्यूज बॅटरीलगत असावा व रिले (विजेने चालणारा स्विच) चावीने चालावा. ०.५ चौ. मिमी. तांब्याच्या तारेत, जाऊन-येऊन ३ मीटर अंतरावर, ५ अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट वाया जातो. रंग लावलेल्या चॅसीवर बोल्ट आवळून घेतलेले अर्थिंग याहून वाईट.

स्पीकरमधला नको असलेला आवाज मुख्यतः दोन प्रकारचा: शिट्टी व टकटक. बारा ध्रुवांच्या त्रिकला (थ्री-फेज) अल्टरनेटरमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांना सुमारे १,८०० हर्ट्‌झची तरंगिका, म्हणजे व्होल्टेजमधील चढउतार, येते. तिचा सूर ॲक्सिलरेटर पिळला की चढतो. स्पार्क प्लगचा आवाज टकटकीत असतो. बिगर-रेझिस्टर प्लगच्या जागी रेझिस्टर (आत रोध असलेला) प्लग घातल्याने तो कमी होतो. फोन गाडीच्याच यूएसबीवर चार्ज होत असताना ऑक्सच्या (फोनपासून स्टिरिओपर्यंतच्या ध्वनीच्या) तारेने गाणी लावली, तर दोन अर्थिंगमध्ये वळसा (ग्राउंड लूप) तयार होतो. चार्जर उपटल्याबरोबर आवाज थांबला, तर दोष त्या वळशातच आहे. बाजारात मिळणारा फिल्टर अशा वेळी पुरवठ्याच्या तारेत घालण्याची चाल आहे. पण वळसा ऑक्सच्या तारेतून जात असल्याने तिच्यात आयसोलेटर (दोन्ही बाजूंचे अर्थिंग तोडणारा भाग) घालणे किंवा फोन वेगळ्या पॉवर बँकेवर चार्ज करणे अधिक उपयोगी पडते.

ईसीयू (इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) व एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असलेल्या गाड्यांत जोड हार्नेस, म्हणजे तारांचा मूळ जुडगा, कापून घेऊ नये. व्होल्टेज उतरले की एबीएसचा दिवा पेटतो आणि मेकॅनिक सेन्सर शोधत बसतो.