उंदरांचा विषाशिवाय बंदोबस्त: काय चालतं आणि काय नुसतं वास मारतं

घरात उंदीर झाला म्हटलं की पहिले सल्ले वासाचेच येतात. पेपरमिंट तेलाचे बोळे ठेवा, लवंगा ठेवा, कांदा कापून ठेवा, डांबरगोळ्या टाका. उंदराचं नाक तिखट असतं हे खरंय, अचानक उग्र वास आला तर तो थोडा बिचकतो पण, पण त्या वासाच्या पलीकडे खायला मिळत असेल तर त्याला वासाची सवय होते आणि तोवर तेलही उडून गेलेलं असतं, मग आपण परत नवीन बोळे. डांबरगोळ्या तर राहूच द्या. ते नॅप्थलीन किंवा तसलंच रसायन असतं, म्हणजे विषच झालं की, आणि उंदराआधी घरातलं लहान मूल ती गोळी तोंडात घालायचं.

प्लगला लावायच्या अल्ट्रासोनिक मशीनचंही तेच. उंदरांना आपल्याला ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात यात शंका नाही, मोठ्या जातीचे उंदीर (इंग्रजीत रॅट) धोक्याची हाक साधारण २२ किलोहर्ट्झला देतात आणि आपले कान २० च्या पुढे बंद. पण इतक्या उंच पट्टीचा आवाज भिंत सोडा, कपाट किंवा सोफासुद्धा ओलांडत नाही आणि उंदीर नेमका त्यांच्याच मागे बसलेला असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००१ मध्ये अशी उपकरणं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना लेखी तंबी दिली होती की दावे करायचे तर पुरावा ठेवा. मशीन अजून जोरात विकली जातात, असो.

आता बेकिंग सोड्याची गोळी. उंदराला उलटी होत नाही, म्हणून सोड्याचा गॅस आत अडकतो आणि पोट फुटून तो मरतो, अशी थिअरी सगळीकडे फिरते. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, उंदराला खरंच उलटी करता येत नाही. पण म्हणूनच तर तो खाण्याच्या बाबतीत इतका संशयी असतो, नवीन काही दिसलं की आधी एवढंसं कुरतडून बघतो, त्यामुळे पोट फुटण्याइतका सोडा तो खाईल हे कठीणच. जॉन गार्सिया नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखवलं होतं की गोड पाणी पिताना उंदरांना रेडिएशन देऊन आजारी पाडलं तर नंतर ते त्या गोड चवीपासून लांब राहतात. एकदा खाऊन पोट बिघडलं पण जीव वाचला, की ते खाणं त्या उंदरापुरतं बाद.

मग मारत सुटायचं का? १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या टीमने गल्ल्यागल्ल्यांतल्या उंदरांचा अभ्यास केला. उंदीर नुसते मारले किंवा पकडून नेले तर उरलेल्यांची पिल्लं वाढून थोड्या महिन्यांत संख्या परत जागेवर यायची, पण कचरा आणि लपायच्या जागा कमी केल्या की संख्या खाली यायची आणि खालीच राहायची. साहजिक आहे, घरातल्या छोट्या जातीच्या उंदराची (इंग्रजीत माउस) मादी जेमतेम ३ आठवड्यांत व्यायते, एका वेळी ५-६ पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की त्यांचाही संसार सुरू. या शर्यतीत आपण जिंकत नसतो. किती उंदीर राहणार हे त्यांना मिळणारं अन्न आणि जागा ठरवते.

अन्न बंद करायचं म्हणजे धान्य, बिस्किटं, पाळीव प्राण्यांचं खाणं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, पत्र्याच्या किंवा जाड काचेच्या, प्लॅस्टिक तो कुरतडतो. रात्री कचरा झाकलेला आणि मांजराची उरलेली वाटी उचललेली. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं त्यामुळे गळका नळ दुरुस्त केला तर त्याची खरंच पंचाईत होते. छोट्या उंदराची मात्र होत नाही, त्याला दिवसाला ३-४ ग्रॅम खाणं पुरतं आणि पाणी बरंचसं त्यातूनच मिळतं, म्हणजे गॅसखाली सांडलेलं सुद्धा त्याला चालतं. म्हणून त्याला उपाशी मारण्यापेक्षा त्याची वाट बंद करणं सोपं.

ही वाट बारीक असते हो! पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून, साधारण ६ मिलिमीटर, छोटा उंदीर आत येतो. मोठ्याला त्याच्या दुप्पट पुरते. फ्रिज किंवा ओटा थोडा सरकवून भिंतीच्या कडेला टॉर्च मारा. ये-जा असेल तिथे भिंतीवर खालच्या अंगाला काळपट तेलकट पट्टा दिसतो, रोज तिथूनच अंग घासत गेल्यामुळे पडलेला. पट्टा नसेल तर रात्री जमिनीवर पातळ पीठ भुरभुरा, सकाळी पावलं आणि मध्ये शेपटीची रेघ कुठून कुठे गेली ते दिसेल. बहुतेक वेळा शेवट सिंकखालच्या पाइपपाशी किंवा दाराखालच्या फटीपाशी होतो. तिथे नुसता फोम मारू नका, एका रात्रीत कुरतडतील. पटाशीचे दात जन्मभर वाढतात, मोठ्या उंदराचे वर्षाला १० सेंटिमीटरहून जास्त, त्यामुळे कुरतडणं आणि दात घासत राहणं त्याला भागच आहे. तारेची घासणी गच्च कोंबून वर सिमेंट, मोरीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी आणि दाराखाली धातूची पट्टी, एवढं केलं की बरंच झालं.

आत राहिलेल्यांसाठी स्प्रिंगचा सापळा. तो भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवायचा, कारण उंदीर मिशा भिंतीला लावून पळतो, खोलीच्या मधून जात नाही. आमिष वाटाण्याएवढंच, शेंगदाण्याची पेस्ट चालते कारण चिकटते, मोठा तुकडा लावला तर उचलून पळतो. छोटा उंदीर चौकस असतो, पहिल्याच रात्री सापडेल, फक्त त्याचं फिरणं काही मीटरच असतं तेव्हा एक सापळा ठेवून भागत नाही, जवळजवळ बरेच ठेवा. मोठा उंदीर नवीन वस्तूला काही दिवस हात लावत नाही, त्याच्यासाठी सापळा आधी चाप न लावता आमिषासकट ठेवा, तो निर्धास्त खायला लागला की मग लावा. गोंदाचे पुठ्ठे मला पटत नाहीत, जनावर तासन् तास तडफडतं आणि शेवटी काय करायचं ते आपल्याच गळ्यात. पिंजरा लावलात तर सकाळ-संध्याकाळ बघा, आणि लांब नेऊन सोडलेला उंदीर अनोळखी जागी फार टिकत नाही हेही माहीत असू द्या.

आणि मांजर? २०१८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-रिसायकलिंग केंद्रातला अभ्यास छापून आला, भटक्या मांजरांवर ७९ दिवस कॅमेरे होते आणि तेवढ्यात मांजरांनी मारले फक्त २ उंदीर. मोठ्या उंदराशी झटापट मांजरालाही नको असते. मांजर दिसलं की उंदीर लपून बसतात आणि आपल्याला वाटतं गेले.

सगळं आवरताना लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ उडून नाकात जाते आणि हंटाव्हायरससारखे आजार त्यातून होऊ शकतात. हातमोजे घालून १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी शिंपडा, ५ मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून घ्या. जागा स्वच्छ झाली की आठवडाभराने नवीन लेंड्या दिसतात का बघा, दिसल्या तर अजून एक फट राहिलीय, परत टॉर्च घ्या.