पोलिश घोडदळ रणगाड्यांवर धावून गेलं होतं का?

नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मनीने पोलंडवर चढाई केली त्याच दिवशी, पोलंडमधल्या क्रोयांती गावाजवळ पोलिश उलान (हलक्या घोडदळातल्या) स्वारांनी तलवारी उपसून हल्ला केला, तो उघड्यावर थांबलेल्या जर्मन पायदळावर. पायदळ पांगलंही. मग झाडीतून चिलखती गाड्या आल्या, मशीनगन धडधडल्या आणि त्यांचे प्रमुख कर्नल मास्तालेश यांच्यासह अनेक स्वार पडले. नंतर इटालियन पत्रकारांना तिथे नेलं, तेव्हा मेलेल्या घोड्यांजवळ रणगाडे उभे होते. त्यावरून बातमी रचली गेली, नाझी प्रचाराने ती पसरवली. शूर माणसांना अडाणी ठरवणारी ही गोष्ट अजून सांगितली जाते, याचं वाईट वाटतं. पोलिश घोडदळाकडे ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या. ते बहुतेकदा पायउतार होऊनच लढायचे. आणि जर्मनांच्याही बऱ्याच तोफा तेव्हा घोडेच ओढत होते.