खाडीत शिरण्याची वेळ

पनामा कालव्याची दोन टोके एकमेकांपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहेत. कॅरिबियन बाजूला भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक जेमतेम फूटभर, तर पॅसिफिक बाजूला उधाणाच्या दिवशी तोच ५ मीटरच्याही वर जातो. सकाळी जिथे होडी तरंगत होती, तिथे दुपारी नुसता चिखल असतो. या पॅसिफिक किनाऱ्याची खारफुटी आणि तिथले जीव लहान जहाजातून पाहायचे असतील, तर सामानाच्या यादीआधी भरतीचे कोष्टक समोर घ्यावे.

लागोपाठच्या दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. पाणी मात्र एकाच वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांत एकूण चढ बाराव्या हिश्श्यांच्या हिशेबाने अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असा वाटला जातो. फरक ४.८ मीटर असेल तर पहिल्या तासात ४० सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी १.२ मीटर. हिशेब ढोबळ आहे, आणि खाडीच्या आतल्या भागात भरती उशिराच पोचते. तरी मधल्या दोन तासांत प्रवाहाला जोर का असतो, हे त्यातून नेमके कळते.

मोठे प्रवासी जहाज पाण्याखाली आठ-नऊ मीटर खोल असते, त्यामुळे ते दूरच थांबते. दोन-तीन मीटर खोलीचे लहान जहाज खाडीच्या तोंडाजवळ वाळूवर नांगर टाकू शकते (प्रवाळावर कधीही नाही). तिथून पुढे रबरी फुगीर होडी. तिच्यात उतरताना हात हातात न देता मनगट मनगटात धरावे, कारण ओले तळवे निसटतात. मग एक पाय होडीच्या काठावर, दुसरा तळावर, आणि लगेच बसावे.

आत शिरायचे ते चढत्या पाण्यावर, भरतीच्या दोन-तीन तास आधी. चढत्या पाण्यात होडी रुतली तर थोड्या वेळात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतली, तर पाणी परत त्या पातळीला येईपर्यंत कित्येक तास उन्हात बसावे लागते. उथळ जागी आउटबोर्ड इंजिनाच्या (होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) मागून पडणाऱ्या, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे लक्ष हवे. धार थांबली म्हणजे चिखलाने गाळणी तुंबली. इंजिन लगेच बंद करावे, नाहीतर ते तापून निकामी होते.

भरतीत होडी फांद्यांच्या उंचीवर येते आणि पक्षी डोळ्यांसमोर दिसतात. पण खारफुटीचे खरे काम पाहायचे तर ओहोटीतही एक फेरी हवीच. ऱ्हायझोफोरा या खारफुटीच्या झाडाची कमानदार आधारमुळे पाण्यातले बहुतेक मीठ मुळाशीच अडवतात. ॲव्हिसेनिया हे खारफुटीचे दुसरे झाड मीठ आत घेते आणि पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावले की खारटपणा कळतो. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून या झाडांच्या मुळांना उघड्या हवेतून श्वास घ्यावा लागतो. मुळांवरची बारीक छिद्रे पाण्याखाली बंद पडतात. पाणी उतरले की त्यांतून हवा आत ओढली जाते. झाडाचा श्वाससुद्धा भरती-ओहोटीच्या तालावर चालतो!

फिडलर खेकड्याचेही तसेच. भरती येण्याआधी तो बिळाचे तोंड चिखलाने बुजवतो. त्याला भरतीपासून तोडून प्रयोगशाळेत ठेवले, तरी काही दिवस त्याची हालचाल ओहोटीच्याच वेळी वाढते, कारण ते घड्याळ त्याच्या शरीरातच आहे. होडीची चाहूल लागली की सगळे खेकडे बिळात जातात. इंजिन बंद करून दहा मिनिटे न हलता बसावे. आधी एक-दोन खेकडे बाहेर येतात, मग नर एकच मोठा पंजा हलवू लागतात.

उघड्या किनाऱ्यावर उतरताना पाय उचलून टाकू नयेत, वाळूतून घासत चालावे. पायाखाली पाकट असेल तर ती सरकून जाते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सिअस, बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. मँचिनील झाडाखाली पावसात उभे राहू नये, कारण त्याचा चीक मिसळलेल्या थेंबांनी कातडीवर फोड येतात.

दुर्बीण ८ पटीची पुरते. १० पटीत होडीचा हेलकावाही तितकाच मोठा दिसतो. कॅमेरा थंड केबिनमधून थेट बाहेर काढला की भिंगावर दव धरते, म्हणून तो बंद पिशवीत ठेवून अर्धा तास आधी डेकवर आणावा.

देवमाशांसाठी हंगाम पाहावा लागतो. दक्षिण गोलार्धातले हंपबॅक साधारण जुलै ते ऑक्टोबर इथे असतात, उत्तरेकडचे डिसेंबर ते मार्च.

तारीख निवडण्याची मोकळीक असेल, तर आमची पसंती अमावास्येला. उधाण असल्याने चिखलपट्टा सर्वांत रुंद उघडा पडतो, आणि रात्री चंद्र नसल्यामुळे पाण्यातले एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट चमकले तर स्पष्ट दिसतात. पाणी ढवळले की प्रत्येक पेशी सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरती निळी उजळते. डेकवरचे दिवे मालवायला सांगावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत निदान वीस मिनिटे थांबावे.