नवा स्टिंगरे 'खात नाही' असं वाटलं तर

स्टिंगरे म्हणजे गोड्या पाण्यातला पाकट, आम्ही थोडक्यात 'रे' म्हणतो. दुकानातून त्यांचा नवा लॉट गेला की दोन-तीन दिवसांत हमखास फोन येतो, "रे काही खात नाही हो, काय करू?" चौकशी केली की कळतं, सकाळची कोलंबी तशीच पडून होती म्हणून दुपारी आणखी टाकली आणि रात्री परत. धडधाकट रे दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. टाकीत कुजलेल्या कोलंबीने मात्र मरतो. अमोनिया चढला की आधी अंगाची कड वरच्या बाजूला गुंडाळू लागते. ती दिसली तर खाणं बंद करा, तळ उपसा, निम्मं पाणी बदला आणि मग आम्हाला फोन करा.

रेचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली. तोंडाशी काय आहे ते त्याला दिसत नाही. वासावर आणि जिवंत भक्ष्याच्या अंगातून निघणाऱ्या अगदी बारीक विद्युत संवेदनांवर तो खाणं शोधतो. बर्फातल्या कोलंबीचा तुकडा वाळूवर पडला तर नवख्या रेला ते खाणं वाटतच नाही. तोवर टाकीतला अरोवाना नाहीतर सिल्व्हर डॉलर मासा तो तुकडा पळवतो. म्हणून पहिला महिना रे एकटाच ठेवा. प्लेको मासा तर नकोच, तो रात्री रेच्या पाठीला चिकटून अंगावरचा चिकट थर ओरबाडतो.

सुरुवात जिवंत गांडुळाने करा. फवारणी न झालेल्या परसातली गांडुळं घ्या, धुऊन तासभर ओल्या फडक्यात ठेवा. गांडूळखताच्या खड्ड्यातली तांबडी गांडुळं कडवट असतात, बरेच मासे ती थुंकून टाकतात. लांब चिमट्याने एक गांडूळ रेच्या पुढच्या कडेखाली सरकवा आणि हात स्थिर ठेवा. आधी डोळ्यांमागची छिद्रं भराभर उघडमीट करतात, मग कड उचलली जाते आणि सगळं अंग गांडुळावर चिकटून बसतं. पोटाखालून वाळूचा धुरळा उडाला की समजा, खाल्लं. लहान पिलाला गांडुळाचे तुकडे दिवसातून दोन-तीनदा द्या. अर्ध्या तासात उचललं नाही ते काढून टाका. रोज गांडूळ घेऊ लागला की त्यातच सोललेल्या कोलंबीचा तुकडा मिसळा, पुढे बुडणारे पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या. नुसत्या कोलंबीवर वर्ष काढू नका. काही कोलंबींमध्ये ब-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो. खारवलेला जवळा आणि तेलकट बांगडा नकोच.

शेपटीच्या मुळाशी दोन उंचवटे वर आलेले दिसले तर रे खरोखर खंगलाय. असा रे कुठूनही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आता ओळखीबद्दल. 'टीकप' ही जात नाही, ते फक्त पिलाच्या आकाराचं नाव आहे. तपकिरी पाठीवर काळ्या कड्यातले डोळ्यांसारखे पिवळे-नारिंगी ठिपके असतील तर मोटोरो. त्याची चकती, म्हणजे शेपटी सोडून गोल अंग, पुढे दीड फुटाच्या वर जाते. काळ्या पाठीवर पांढरे ठिपके असलेला लिओपोल्डी, मूळ ब्राझीलच्या शिंगू नदीतला. त्याच्यासारखाच दिसणारा हेन्लेई टोकँटिन्स नदीतला. फार्मवर यांचे संकर सर्रास होतात, त्यामुळे पिलावरून जात छातीठोक सांगणं अवघड. आम्हाला खात्री नसेल तर बिलावर 'संकरित' असंच लिहितो. लिओपोल्डी आणि हेन्लेई साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घालायचं २०२२ साली ठरलं, म्हणून आयातीची कागदपत्रं नसलेला माल आम्ही उतरवून घेत नाही.

आपल्या समुद्रातल्या पाकट माशाचाच हा गोड्या पाण्यातला भाऊबंद. पण समुद्री पाकट रक्तात युरिया साठवून खारेपणा झेलतो, याला ते जमत नाही. तेव्हा 'औषध म्हणून' मीठ टाकू नका. तांबं असलेली औषधंही नकोत. जांभ्यातल्या विहिरीचं मऊ पाणी याला मानवतं, पण पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय ते टाकीत सोडू नका. हीटरला जाळी लावा, रे त्यावर बसून भाजतो. शेपटीचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि तसेच दवाखान्यात जा.

आम्ही रे आल्या आल्या विकत नाही, दोन आठवडे ठेवून घेतो, म्हणून काही जण नाराज होतात आणि भावही जास्त वाटतो. पण परदेशातून मुंबई आणि तिथून कशेडीमार्गे रत्नागिरी एवढा प्रवास पिशवीत केलेला जीव त्याच दिवशी तुमच्या हाती देणं आम्हाला पटत नाही. तुमच्यासमोर चिमट्यातून गांडूळ खाल्लं तरच तो दुकानाबाहेर जातो. येताना टाकीचं पाणी बाटलीत घेऊन या, अमोनिया आणि नायट्राइट आम्ही फुकट तपासून देतो. दोन्ही शून्य असतील तर रे त्याच दिवशी न्या. नसतील तर पैसे न घेता तो तुमच्या नावाने राखून ठेवू.