‘रोअन’ नावामागची दोन मुळं

रोअन हे नाव इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मुलालाही ठेवतात आणि मुलीलाही. उच्चारही दोन ऐकू येतात. बहुतेक ठिकाणी ‘रोअन’, तर स्कॉटलंडमध्ये ‘राउअन’ म्हणणारे पुष्कळ. यातला बरोबर कुठला, यावर वाद घालताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: मुळात ही दोन वेगळी नावं आहेत. इंग्रजीत येता येता त्यांचं स्पेलिंग तेवढं एक झालं. (आपल्या ‘रोहन’शी यातल्या एकाचंही नातं नाही.)

पहिलं मूळ आयर्लंडमधलं. आयरिश भाषेत ‘रुआ’ म्हणजे तांबडा, विशेषतः तांबड्या केसांचा. त्यावरून लाडाचं नाव झालं ‘रुआन’. त्याच्या जुन्या स्पेलिंगमध्ये मधोमध ‘डी’ आणि ‘एच’ ही अक्षरं दिसतात. एके काळी त्यांचा घशातून उच्चार होत असे. तो झिजत झिजत नाहीसा झाला, अक्षरं मात्र तशीच राहिली. सहाव्या शतकात टिपरेरी परगण्यात लोरा इथे मठ स्थापणारे संत याच नावाचे. त्यांचं राजा डिअरमिडशी भांडण झालं, त्यांनी तारा या राजपीठाला शाप दिला आणि ते ओस पडलं, अशी आख्यायिका आहे. म्हणजे या शाखेत नाव होतं ते पुरुषाचं.

पुढे आयरिश नावं इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली तेव्हा ‘ओ रुआन’ या आडनावाचं कुठे रुएन झालं, कुठे रोअन. आडनावाचं पहिलं नाव होण्याची इंग्रजीतली वाट जुनीच आहे, आणि रोअनच्या बाबतीत तिचं एक सुंदर उदाहरण सापडतं. 1843 साली क्वाटर्निअन ही संख्यापद्धती शोधणारे गणितज्ञ विल्यम रोअन हॅमिल्टन 1805 मध्ये डब्लिनला जन्मले. त्यांच्या नावातलं ‘रोअन’ आलं ते आर्चिबाल्ड हॅमिल्टन रोअन या आयरिश क्रांतिकारकाकडून. हॅमिल्टन यांचे वडील त्यांचं वकिलीचं काम पाहत. त्या क्रांतिकारकाने तरी हे आडनाव कुठून घेतलं? आईच्या वडिलांकडून. वारशाने मिळालेलं आडनाव असं दुसऱ्या घरातल्या बाळाच्या नावात येऊन बसलं.

दुसरं मूळ झाडाचं. थंड डोंगराळ मुलखात वाढणारं, लाल फळांच्या घोसांनी लगडणारं हे झाड शास्त्रीय भाषेत सॉर्बस ऑक्युपारिया. त्याचं ‘रोअन’ हे नाव स्कँडिनेव्हियन भाषांतून उत्तर ब्रिटनमध्ये आलं. आयरिशमध्ये या झाडाला वेगळाच शब्द आहे, त्यामुळे संत रुआन यांच्या नावाचा अर्थ हे झाड असं सांगणारे नावांचे कोश मला पटत नाहीत. स्कॉटलंडमध्ये चेटूक दूर राहावं म्हणून हे झाड दारापाशी लावत, ते तोडणं अशुभ मानत. फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाला पाच टोकांची बारीक चांदणी असते. तिलाही रक्षण करणारी खूण समजत. ‘राउअन’ हा उच्चार आहे तो या झाडाच्या स्कॉटिश नावाचा.

हे नाव मुलींकडे वळलं त्यात या झाडाचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. रोझ, लिली, आयव्ही, हेझल अशी फुलाझाडांची नावं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलींसाठी भराभर रूढ झाली होती. रोअन त्या ओळीत सहज बसलं, फक्त पुष्कळ उशिरा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते दुर्मीळच होतं. कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोअन विल्यम्स (जन्म 1950) आणि विनोदी अभिनेते रोअन ॲटकिन्सन (जन्म 1955) यांच्यामुळे ते जगभर कानावर पडलं, तेही ‘रो’ असं.

अमेरिकेत खरी वाढ 1990च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या याद्यांत आधी मुलगे वर चढले, थोड्याच वर्षांत मुलीही आल्या. आजही संख्या मुलग्यांचीच जास्त. मात्र हे आकडे वाचताना जपावं लागतं. मुलगे-मुली वेगळे मोजले जातात, आणि शेवटी ‘ए’ऐवजी ‘ई’ लिहिलं तर ते वेगळं नाव धरलं जातं. एका अक्षराच्या फरकाने नाव असं विभागलं जात असल्याने एकाच यादीतला क्रमांक त्याची खरी चलती कमी दाखवतो. उच्चाराची नोंद या याद्यांत नसते. घरात रो म्हणायचं की राउ, ते आईवडीलच ठरवतात.