हवेल राजाने वेल्सचा कायदा स्वतः लिहिला?

वेल्सचा जुना कायदा वाचायला घेतला की पहिलं हेच कानावर येतं, की हवेल द्दा राजाने तो स्वतः लिहिला. पण हवेल वारला 950 च्या सुमारास आणि आज हातात असलेली सगळ्यात जुनी हस्तलिखितं तेराव्या शतकातली, म्हणजे मध्ये जवळपास 300 वर्षं, आणि त्यात वकील लोक भर घालत गेले. सुरुवात अॅबेरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीतल्या पेनिआर्थ 28 या हस्तलिखितापासून करा, ते लॅटिनमध्ये आहे आणि चित्रं फार गोड आहेत, हातात ससाणा घेतलेला माणूस तर बघाच! मांजराची किंमतसुद्धा कायद्यात आहे: डोळे उघडेपर्यंत एक पेनी, उंदीर मारेपर्यंत दोन, नंतर चार.