गाडीखालचा डाग कशाचा? गळती घरीच शोधा

गाडी गॅरेजला आली की आम्ही आधी विचारतो, "गळतंय कुठून?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "म्हायत नाय, पण गळता खरा." यात चूक कुणाची नाही. आपल्या अंगणात जांभ्याचे चिरे, नाहीतर लाल माती. दोन्ही थेंब पिऊन टाकतात आणि उरलेला डाग पावसात धुऊन जातो.

म्हणून संध्याकाळी गाडी लावली की इंजिनखाली आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा सरकवा. वाऱ्याने उडेल, वर चिऱ्याचा तुकडा ठेवा. पुढची चाकं कुठे येतात त्याची पेनाने खूण करा आणि सकाळी उजेडात बघा.

तपकिरी-काळा, बोटाला बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. ते विषारी असतं आणि कुत्री-मांजरं चाटतात, त्यामुळे पुठ्ठा लगेच उचला. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळं तेल दिसलं तर ते ब्रेक ऑइल समजा: गाडी हलवू नका, आम्हाला फोन करा. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरही मारू नका. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचं. आपल्या दमट हवेत ते ठिबकणारच. मे महिन्यात त्यासाठी घाबरून येणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

आता जागा शोधायची. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल ओघळत खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. इंजिन थंड असताना हातातल्या बॅटरीचा (टॉर्चचा) उजेड मारून बघा आणि ओलं दिसेल त्यातली सगळ्यात वरची जागा पकडा. तेलाचा संशय असेल तर ती जागा फडक्याने कोरडी पुसा, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि बाजारापर्यंत एक फेरी मारून या. गाडी थंड झाल्यावर पावडरीत तेलाची वाट स्पष्ट दिसते.

कूलंटसाठी रेडिएटरच्या रबरी पाइपांची टोकं बघा. खाऱ्या हवेने क्लिप गंजते, रबर तिच्याखाली चिरतं आणि कडेला पांढरट-हिरवी पूड धरते. कूलंट वाळून राहिलेला तो थर आहे. हाताला ओल लागत नाही म्हणून लोक फसतात, कारण इंजिन तापून आत दाब आला की तिथूनच झिरपतं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका. वाफ जिरायच्या आत कुकर उघडण्यासारखंच ते, फक्त भाजणं जास्त.

कूलंटच्या टाकीतली पातळी खुणेखाली जात असेल तर विहिरीचं पाणी ओतत बसू नका. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने गणपतीपर्यंत असंच ढकललं. दहा मिनिटांत बदलता आली असती त्या क्लिपपायी घाटात इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलं. पातळी उतरतेय, पुठ्ठा मात्र कोरडा, असं असेल तर ऑइल भरायचं झाकण काढून आत बघा. दुधाळ चहासारखा साका दिसला तर कूलंट आतच ऑइलमध्ये मिसळतंय: गाडी चालू करू नका. (पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणापुरता थोडा फेस धरतो; डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या कांडीवरचं) ऑइल स्वच्छ असेल तर तो वाफेचा.)

इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांची गळती पुठ्ठ्यावर दिसत नाही. गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना त्याची चाल वरखाली होते आणि बारीक 'स्स्स' ऐकू येतं. संशयाच्या पाइपावर साबणाचं पाणी थोडंसं शिंपडा. आवाज थांबला किंवा इंजिनाची चाल बदलली तर जागा तीच. बाही, ओढणी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. महिनोन् महिने गावच्या घरी उभ्या असलेल्या गाडीत असे पाइप उंदीरही कुरतडतात.

येताना पुठ्ठा सोबत आणा. फोटोही चालेल, पण मोबाइलात गुलाबी कूलंट बऱ्याचदा तपकिरी दिसतं.